एकाहत्तर की बाहत्तर

नवा कीबोर्ड लॅपटॉपला जोडला आणि काळी एक दाबली. काही ऐकू आलं नाही. पुन्हा दाबली, जोरात. पट्टी खाली गेली, वर आली. बोटाला कळलं, कानाला नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला. पाण्याचा आवाज आला. वाटी ओट्यावर आपटली, तीही ऐकू आली. परत येऊन पट्टी दाबली. काही नाही. उजवा कान आधीच बिघडला होता. आता डाव्यातून नळ आणि वाट्या ऐकू येणार, सूर येणार नाहीत, असं काहीतरी झालंय अशी माझी खात्रीच झाली. मी धाकट्या भावाला फोन लावला. त्याने उचलला, पण मला बोलताच येईना.

"ताई? काय झालं? बोल ना गं."

"कीबोर्ड ऐकू येत नाहीये रे मला."

 तो हळू म्हणाला, "अगं, त्याला आवाजच नसतो. तो नुसता कंट्रोलर आहे. लॅपटॉपमध्ये वाद्य लावावं लागतं. चूक माझी, मी सांगायला हवं होतं. तू रडू नको, मी रविवारी येतो."

मी रडत नव्हते. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या पट्ट्यांकडे बघत बसले. पेटीसारखं दिसणारं, आत काहीच नसलेलं ते यंत्र मला अशुभ वाटलं.

मी बोरिवलीला, पूर्वेला, जिथे सोसायट्या संपून नॅशनल पार्कची भिंत लागते तिथे राहते. लग्नानंतर पंचवीसेक वर्षं याच हॉलमध्ये मी पेटीचे क्लास घेतले. परीक्षांची पोरं, रिटायर झालेल्या बायका, भजनी मंडळातल्या मावश्या. एका सकाळी उठले तर उजव्या कानात पाणी गेल्यासारखं वाटलं. आंघोळीचं असेल म्हणून दोन दिवस काढले. मग कानात शिट्टी सुरू झाली, ती आजतागायत थांबलेली नाही. डॉक्टर म्हणाले, नसेला मार बसलाय, लवकर यायला हवं होतं. स्टेरॉइड दिले. माझं तोंड सुजलं, साखर वाढली, झोप उडाली. कान थोडा परत आला. पण आला तो वाकडा होऊन आला.

वाकडा म्हणजे कसा, ते सांगते. पेटीचा सा दाबला की डाव्या कानाला तो सा ऐकू यायचा आणि उजव्याला जवळजवळ कोमल रे. एकच पट्टी, दोन सूर. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं पेटीच बिघडली. दुरुस्तीवाल्याकडे दिली. त्याने दोनदा तपासली आणि म्हणाला, "बाई, सूर एकदम झकास आहेत. काहीच करायला नाही." माझी पेटी बरोबर होती. मग क्लासमध्ये एक मुलगी सुरेल गात असताना मी तिला तीनदा थांबवलं. ती गोंधळून आईकडे बघायला लागली. पुढच्या आठवड्यात तिच्या आईचा मेसेज आला, ट्यूशनची वेळ जमत नाही म्हणून. हळूहळू बऱ्याच जणांची वेळ जमेनाशी झाली. मी कोणाला दोष दिला नाही. मी स्वतःसुद्धा अशा बाईकडे माझी पोर पाठवली नसती.

पण माझ्या मनात क्लासची चिंता नव्हती. चिंता बाबांच्या चालींची होती.

बाबा मूळचे कोकणातले. गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका इमारतीवर वॉचमन झाले. पण जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत त्यांना सगळे बुवा म्हणायचे. दर गुरुवारी भजन असायचं. अभंग जुनेच, संतांचे, पण चाली बाबांच्या स्वतःच्या. त्यांना नोटेशन येत नव्हतं. टेपरेकॉर्डर होता, तो लग्नाकार्यांच्या कॅसेटींसाठी. चाल सुचली की बाबा मला हाक मारायचे. मी भांडी घासत असले तरी हात धुवून यायची. ते पेटीवर चाल म्हणायचे आणि सांगायचे, "धर." मी ती म्हणून दाखवायची. दोनदा, तीनदा. मग ते आपले ड्यूटीवर निघून जायचे आणि गुरुवारी विचारायचे, "काय गं, कशी होती?" मी सांगायची. मंडळात बायका गात नव्हत्या, त्यामुळे मी कधी त्या माणसांमध्ये बसून गायले नाही. पण चाली माझ्याजवळ असायच्या. बाबा गेले तेव्हा तीसेक चाली माझ्या डोक्यात होत्या. दुसऱ्या कोणाच्या डोक्यात त्या पुऱ्या नव्हत्या.

भावाला तर मुळीच येत नव्हत्या. तो कॉलेजपासून ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. बाबा त्याच्या कीबोर्डला खेळणं म्हणायचे, तो बाबांच्या भजनाला कटकट म्हणायचा. भजनाच्या दिवशी तो मुद्दाम बाहेर असायचा. पुढे तो अंधेरीला एका छोट्या स्टुडिओत मालिकांसाठी पार्श्वसंगीत करायला लागला. बाबा एकदाही तिथे गेले नाहीत.

डॉक्टरांना मी सरळ विचारलं होतं, दुसऱ्या कानाचं काय? ते कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "तुमच्या केसमध्ये शरीरच कानावर हल्ला करतंय असं दिसतं. दुसऱ्याची खात्री देता येणार नाही." त्या संध्याकाळी मी फोनवर बाबांची एक चाल गाऊन रेकॉर्ड केली आणि भावाला पाठवली. त्याचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाला, "ताई, सूर हलतोय गं." मला ते ऐकू आलं नव्हतं. दोन कान दोन सूर सांगत असताना गळा कोणाचं ऐकणार?

पेटी माइकवर रेकॉर्ड करावी, तर समोरची सोसायटी पाडायचं काम चालू होतं. काँक्रीट फोडायचा ब्रेकर सकाळी सुरू व्हायचा तो संध्याकाळी थांबायचा. तेव्हा भावानेच मिडी कीबोर्डचं काढलं. म्हणाला, "मिडीला बाहेरचा आवाज लागत नाही. आणि चूक झाली तर नंतर स्क्रीनवर सुधारता येते. म्हणजे उद्या कान गेलाच तर डोळ्यांनी..." आणि मध्येच थांबला. मी म्हटलं, "बोल ना. तेच हवंय मला."

त्या रविवारी तो आला. लॅपटॉपमध्ये पेटीचा आवाज लावून दिला, हेडफोन माझ्या डाव्या कानावर चढवला आणि उजव्या बाजूचा आवाज बंद केला. मी काळी एक दाबली आणि सा आला. एकच आला. इतक्या महिन्यांनी एका पट्टीचा एकच सूर. मला हुंदका फुटला. त्याने उठून खिडकी लावल्यासारखं केलं.

मग शिकवायला बसला. "हे बघ, मिडी म्हणजे आवाज नाही. निरोप आहे. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढंच हा लॅपटॉपला कळवतो. आवाज काढायचं काम लॅपटॉपचं."

"म्हणजे मी वाजवते आणि हा नुसत्या चहाड्या करतो."

"हां, तसंच समज."

प्रत्येक पट्टीला आकडा असतो, हे त्याने सांगितलं. पांढरी एक म्हणजे साठ. बाबा काळी एकमध्ये गायचे, म्हणजे आमचा सा एकसष्ट. पंचम अडुसष्ट. वरचा सा त्र्याहत्तर. स्क्रीनवर डाव्या बाजूला उभ्या पट्ट्या दिसायच्या आणि मी वाजवलेला प्रत्येक स्वर त्यांच्यासमोर एक आडवी वीट होऊन पडायचा. सूर लांब धरला तर वीट लांब. जोरात दाबला तर रंग गडद. मी पेटीचं भाता मारणं कुठे गेलं म्हणून विचारलं. पेटीत डाव्या हाताने हवा कमीजास्त करूनच तर जीव येतो. त्याने कीबोर्डच्या डाव्या अंगाला एक चाक होतं ते दाखवलं. कसलीशी जोडणी करून म्हणाला, "आता हे फिरव, आवाज फुगेल, बसेल." माझा डावा हात त्या चाकावर गेला. चाक गुळगुळीत होतं, भात्यासारखं उलटून जोर लावत नव्हतं. तरी बरं वाटलं.

सुरुवातीला काही जमेना. पट्टी दाबली की सूर जरासा उशिरा यायचा आणि मी त्याची वाट बघत अडखळायची. भावाने कुठलंतरी सेटिंग कमी केलं आणि ते गेलं. रेकॉर्डचं बटण दाबायचं विसरून मी अख्खी चाल वाजवायची. एका चालीवर दुसरी चढवायची. फाइलला नाव न देता बंद करायची. रोज फोनवर त्याचं डोकं खायची. त्याला वेळ होता. त्याच्या स्टुडिओतली कामं आटत चालली होती. निर्माते आता म्हणे संगणकालाच सांगतात, दुःखी दे, सासूबाईंचं दे, आणि त्यांना ते मिळतं. हे तो हसत सांगायचा, पण मला भेटायला येण्यासाठी त्याला आता कोणाची परवानगी मागावी लागत नव्हती, हे माझ्या लक्षात येत होतं.

पहिली चाल पूर्ण झाली तेव्हा त्याने एक कळ दाबली आणि सगळ्या विटा सरकून रेघेवर नीट उभ्या राहिल्या. "आता लय चोख झाली," म्हणाला. ऐकलं तर ती बाबांची चालच नव्हती. बाबा समेवर कधी वेळेत यायचे नाहीत. पखवाज तिथे पोचायचा आणि ते केसभर मागून यायचे, जसं काही दारात उभं राहून आत बघून घ्यायचं आणि मग पाऊल टाकायचं. ते सगळं पुसून गेलं होतं.

"हे परत आण," मी म्हटलं.

"अगं पण लयीत नाहीये ते."

"बाबा असेच गायचे."

त्याने विटा परत जागेवर आणल्या. मग पुन्हा लावून ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. "असे गायचे?" त्याने विचारलं. मी मान हलवली.  त्यानंतर त्याने ती कळ कधी दाबली नाही.

असं करत करत बऱ्याच चाली उतरल्या. मधल्या काळात उजवा कान पुरता गेला, डावा दोनदा बसला आणि दोनदा परत आला. बसला की डॉक्टर डोस वाढवायचे. माझे हात थरथरायचे, वीट वेडीवाकडी पडायची. नवरा म्हणायचा, आता पुरे कर. त्याला माझी काळजी होती, आणि मोठ्याने बोलून बोलून तो दमलाही होता. आमच्या घरातलं बोलणं तोवर कामापुरतं उरलं होतं. दूध आलं, औषध घेतलंस, कोण येऊन गेलं. गप्पा मारायला माणसाला हळू बोलता यावं लागतं.

एका दुपारी मी बाबांची एक आवडती चाल वाजवत होते. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर सूर पातळ व्हायला लागले. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. तेवढ्यात नवरा धावत आतून आला, त्याने माझ्या कानावरचा हेडफोन ओढून काढला. तो काहीतरी ओरडत होता. हेडफोनचा आवाज म्हणे स्वयंपाकघरापर्यंत जात होता. मला त्याचे ओठ हलताना दिसत होते. समोरच्या सोसायटीवर ब्रेकर चालू होता, खिडकीची काच हलत होती, तेही दिसत होतं.

या वेळी कान परत आला नाही.

आठ-दहा चाली राहिल्या होत्या. मी काही दिवस अंथरुणातच होते. मग उठून कीबोर्डसमोर बसले, कारण दुसरं काय करणार? डोक्यात चाली अजून वाजत होत्या. पण किती दिवस वाजतील याचा भरवसा वाटेना. कानातली शिट्टी आता दोन्हीकडून यायची आणि कधीकधी तिचाच सूर होऊन माझ्या डोक्यातल्या सा ला ढकलायची. म्हणून मी आकडे धरले. एकसष्ट, त्रेसष्ट, सहासष्ट, अडुसष्ट. मनात चाल म्हणायची, बोटांनी वाजवायची, आणि स्क्रीनवर बघायचं की वीट ठरलेल्या ओळीत पडली का.

ऐकायला भाऊ होता. तो शेजारी बसायचा, हेडफोन लावून. मी वाजवून संपवलं की त्याच्याकडे बघायची आणि तो अंगठा वर करायचा. दर वेळी अंगठा वर. पहिल्यांदा आधार वाटला. मग वाटेनासा झाला. माझ्या हातून रोज एवढ्या चुका होत होत्या, स्क्रीनवर शेजारच्या ओळीत पडलेली वीट मीच शोधून काढायची, आणि हा म्हणत होता सगळं बरोबर.

एक दिवस मी मुद्दाम मध्यम चढा लावला. एकदा नाही, प्रत्येक वेळी. साध्या कानाच्या माणसालाही खटकावं असा. संपवून त्याच्याकडे बघितलं. अंगठा वर.

"मी मुद्दाम चुकीचं वाजवलं," मी म्हटलं. माझा आवाज किती मोठा निघाला ते मला माहीत नाही. नवरा दारात आला, म्हणजे मोठाच असणार.

भावाने हेडफोन काढला. तो बोलायला लागला, मग लक्षात येऊन त्याने फोन घेतला आणि टाइप करू लागला. बोटं चुकत होती. माझ्यासमोर धरलेल्या फोनवर लिहिलं होतं, "मला कळलं होतं. मला वाटलं तुला तसंच हवं असेल."

 त्याने फोन परत घेतला. "मला या चाली येत नाहीत गं ताई. मी त्या कधी नीट ऐकल्याच नाहीत. तू वाजवशील ते मला बरोबरच वाटणार. मी कोण तुला चूक म्हणणारा?"

आणि तो रडायला लागला. पन्नाशीला टेकलेला माणूस, तोंडावर हात घेऊन. रडण्याचा आवाज येत नसला की माणूस किती वेळ रडतोय ते कळत नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं, अजून थांबला नव्हता.

पखवाजवाल्या काकांना बोलवायचं त्यानेच सुचवलं. ते बाबांचे गाववाले. आयुष्यभर गुरुवारच्या भजनाला बाबांच्या उजव्या अंगाला त्यांचा पखवाज असायचा. आता ते मुलाकडे घाटकोपरला असतात. ऐंशीच्या पुढचे. भाऊ त्यांना रिक्षाने घेऊन आला. लिफ्ट असूनही ते आत आले तेव्हा धापा टाकत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाले. माझ्या फोनमध्ये बोललेलं लिहून दाखवणारं अॅप आहे, पण त्याला मालवणी कळत नाही, ते भलतंच काहीतरी दाखवतं. भावाने टाइप करून सांगितलं, "गो बाय, तुझा ह्या काय झाला, म्हणतायत."

एकेक चाल त्यांना ऐकवली. त्यांच्या कानात मशीन होतं, पण ऐकू छान येत होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चाल सुरू झाली की त्यांचे हात मांडीवर चालायला लागायचे. डावा जड, उजवा हलका. समेला मान यायची. बाबांच्या उशिरा येणाऱ्या समेला. एका चालीला ते हसले. एका चालीला त्यांनी डोळे पुसले. माझ्या मनावरचं ओझं उतरत गेलं. मग ती चाल आली, जिच्या मध्यावर माझा डावा कान गेला होता आणि जी मी नंतर आकड्यांनी पूर्ण केली होती.

काकांचे हात थांबले. त्यांनी मान हलवली. भावाने पुन्हा लावली. पुन्हा त्याच जागी ते थांबले.

भावाने टाइप केलं, "काका म्हणतात, असा नाय. हयसर निषाद कोमल. बुवा हयसर उतरायचे."

मी शुद्ध निषाद वाजवला होता. बाहत्तर. काका म्हणत होते, इथे एकाहत्तर. एका ओळीचा फरक. पण चाल तिथे वळत होती. शुद्ध निषादाने ती वर सा कडे जाते, मागणं मागितल्यासारखी. कोमलने ती खाली येते, मागणं सोडून दिल्यासारखी. अभंगाचा अर्थच बदलतो.

काकांनी तोंडाने म्हणून दाखवलं. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते, घाटी वर जाते की खाली येते. भावाने ते पट्टीवर वाजवलं आणि स्क्रीनवर माझ्या विटेच्या खालच्या ओळीत एक वीट पडली. मी मनात दोन्ही म्हणून बघितलं. माझी म्हटली, बरोबर वाटली. त्यांची म्हटली, तीही बरोबर वाटली. मी घाबरले. आणखी दोन-तीनदा म्हटल्यावर तर बाबांच्या गळ्यातून दोन्ही ऐकू यायला लागल्या.

"काका, नक्की कोमल?" मी विचारलं. "बाबांनी मला शुद्ध शिकवला होता. मला आठवतंय."

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग भावाला हाताने खुणावलं, परत लाव. माझी चाल पुन्हा लागली. या वेळी त्यांचे हात थांबले नाहीत. संपल्यावर ते काहीतरी पुटपुटले आणि माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायला लागले.

भावाने लिहिलं, "म्हणतायत, तुझाच बरोबर असात. माका आता नीट आठवणा नाय गो."

मी त्यांना चहा दिला. त्यांनी बशीत ओतून प्यायला. त्यांच्या चेहऱ्यावर अपराध्यासारखा भाव होता आणि मला त्यांना सांगावंसं वाटत होतं की तुमचा काही दोष नाही, पण माझा आवाज कसा निघेल याची मला लाज वाटायला लागली होती. भाऊ त्यांना सोडायला गेला. मी एकटीच स्क्रीनसमोर बसले. दोन विटा, एकीखाली एक. बाबांना विचारता येणार नव्हतं. मला ऐकता येणार नव्हतं. ज्यांनी ऐकलं होतं त्यांना आठवत नव्हतं.

आम्ही दोन्ही फाइली ठेवल्या. काही महिन्यांनी जोगेश्वरीच्या मंडळातल्या पोरांनी भावाकडे चाली मागितल्या. भावाने विचारलं, ही चाल कुठली पाठवू? मी म्हटलं, दोन्ही पाठव आणि सांग की दोन आहेत. त्यांचा उलट मेसेज आला, एकच द्या ना, कन्फ्यूजन होतंय. मी काकांची पाठवायला सांगितली. का, ते मला धड सांगता येणार नाही. माझ्यावरचा माझा विश्वास उडाला होता, आणि निदान त्यांनी ती चाल बाबांच्या शेजारी बसून वाजवली तरी होती. पोरांनी भजनाचा व्हिडिओ पाठवला. गाणारा मुलगा छान दिसत होता, मनापासून गात होता. भावाने बघितला आणि मी काही विचारायच्या आधीच टाइप केलं, "चांगलं म्हटलंय. पण हा तिसरंच काहीतरी म्हणतोय."

त्याने खरं सांगितलं, याचं मला बरं वाटलं. बाकी त्यात बरं वाटण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या वर्षी डाव्या कानाचं ऑपरेशन झालं. आत यंत्र बसवलं, बाहेर केसांत एक चकती चिकटते. चालू केलं त्या दिवशी माणसं पत्र्याच्या पलीकडून बोलल्यासारखी वाटत होती. मग सवय झाली. आता नवरा हळू बोलला तरी कळतं. दारावरचा भाजीवाला कळतो. पण हॉस्पिटलातल्या कान तपासणाऱ्या बाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं, बोलणं येईल, गाण्याचं मात्र सांगू शकत नाही. सूर ओळखायला हे यंत्र बनलेलं नाही.

तरी मी भावाला म्हटलं, एकदा लाव. त्याने लॅपटॉप आणला, बाबांची पहिली उतरवलेली चाल काढली आणि सुरू केली. डब्यात खडे घालून कोणी हलवावेत तसं काहीतरी ऐकू आलं. जलद, हळू, परत जलद. लय कळत होती. सूर एकही नव्हता. सगळ्या विटा जणू एकाच ओळीत होत्या. स्क्रीनवर त्या वरखाली दिसत होत्या आणि कानात सरळ खडखडत चालल्या होत्या. मी पहिलं कडवं ऐकलं. दुसरं ऐकलं. सवय होईल, असं मनाशी म्हणत होते.

"ताई," भाऊ म्हणाला, "बंद करू का?"

त्याचा शब्द न शब्द मला स्वच्छ ऐकू आला.

"कर," मी म्हटलं.